चारी चाकांना तेहतीस

हॅलो?… हॅलो, सूनबाई?… राम कृष्ण हरी. … हां, मीच, तात्या. … न्हाय न्हाय, समदी बरी हायत. तुझ्या सासूचा गुडघा हाय तसा हाय. … आगं न्हाय, काय झालं न्हाय. सहज लावला. … सहज म्हंजी सहज. का, सासऱ्यानं सुनेला फोन लावू न्हाय का?

सहज फोन लावणाऱ्यांतले दत्तोबा नव्हेत. बारामतीजवळ जळोचीला राहणाऱ्या या सुनेला, राजनंदिनीला, त्यांनी चार महिन्यांत आपणहून एकदाही फोन केला नव्हता. काही निरोप असला तर मुलाला, दिग्विजयला द्यायचा आणि मोकळं व्हायचं. आज मात्र सकाळी सातलाच ते कळंबच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये, राजनंदिनीच्या छोट्या पांढऱ्या गाडीचं दार उघडं टाकून उकिडवे बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फोन कानाला. कीर्तनाला उभे राहिलेले बुवा आधी नमन करतात, मग टाळकऱ्यांकडे बघतात, मग गळा साफ करतात, आणि अभंगाचा पहिला चरण मात्र काही केल्या ओठांवर येत नाही, तशी त्यांची गत झाली होती.

दिग्या कुठाय?… पाळीवर? रविवारचं बी?… असू दे. मला तुझ्याशीच बोलायचं हुतं. … व्हय, व्हय… आगं ऐक की. तुझ्या गाडीत हवा किती भरायची असती? … चाकात, दुसरी कुठली. … मीच इचारतोय. … हस, हस. … न्हाय हसलीस? मग ठीक.

ज्या माणसानं उभी हयात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर ऊस पोचवला, गावात कुणाचंही चाक बसलं की ज्याला आधी हाक यायची, तो माणूस आज हवा किती भरायची ते विचारत होता.

ते बावड्याचं भानुदासराव आलतं न्हवं आत्ता, गाडी बघायला. … व्हय, तेच. लेकीसाठी घेत्यात. प्रियदर्शनी नाव पोरीचं, इंदापुरात ब्यांकेत लागलीया. … न्हाय, ती आली न्हवती. वालचंदनगरला मावशीकडं उतरलीया, तिला आणायला गेल्यात. तासाभरात येतील. … पसंत हाय गाडी. पसंतीचा प्रश्न न्हाय. … त्यांनी… हॅलो? ऐकतीस न्हवं? … त्यांनी टायरावरनं तळहात फिरवला. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्सं काढल्यात त्या माणसानं. म्हणलं, तात्या, मधला पट्टा पार झिजलाय आन् दोन्ही कडा नव्याच्या नव्या. हवा लई भरत हुता का?

… म्या बी वाकून बघितलं.

… मग त्यांनीच दावली. दाराच्या खांबाला चिट्टी हाय म्हणं, कंपनीनं चिकटवलेली. तुला म्हाईत हुती? … पहिल्या दिवसापासनं? … बरं.

कोंबडा शेडच्या दारात येऊन मान वाकडी करून दत्तोबांकडे बघून गेला.

वाचतो, तू बरुबर का सांग. दोन चित्रं हायत. एकात माणसं कमी काढल्यात, एकात पाच. म्होरं लिवलंय… दोनशे तीस. … सूनबाई, दोनशे तीस? ट्रॉलीला बी एवढी कधी मारली न्हाय. … आं? ती येगळी मोजणी? … त्याच्या बाजूला? थांब, चष्मा… तेहतीस. हां. म्होरं तेहतीस, मागं तेहतीस. पाच माणसं आन् सामान असलं तर मागं छत्तीस. … एवढीच? … आन् मग टायरावर एक्कावन्न का लिवलंय? मोठ्या अक्षरात लिवलंय की. सोनबाला म्या बोट ठिवून दावलं हुतं, हे बघ, कंपनी काय म्हणती.

… म्हंजी एक्कावन्नच्या म्होरं जायचं न्हाय, एवढंच? … हां. … हां. वाढप्याच्या हातात पातेलं मोठं असलं म्हणून समदं एकाच पानात वाढायचं न्हाय. तसं. … आलं ध्यानात. आत्ता आलं.

पंक्चरवाला सोनबा वालचंदनगरच्या रस्त्याला. लग्नानंतर वर्षाच्या आत राजनंदिनीनं बारामतीच्या तपासणी लॅबमधल्या आपल्या पगारातून ही गाडी घेतली, तेव्हापासून नवरा-बायको दर शनिवारी संध्याकाळी कळंबला यायचे आणि सोमवारी सकाळी जायचे. सोमवारी पहाटे, सून डबे भरत असताना, दत्तोबा गाडी हळूच बाहेर काढून सोनबाकडे न्यायचे. लेकरं लांब जाणार. चाक कडक पाहिजे. उसाची ट्रॉली मऊ चाकावर निघाली तर रस्त्यातच बसते, हे त्यांना ठाऊक. छोट्या गाडीत ऊस नसतो, हे काही त्यांच्या मनात आलं नाही.

ते खेळणं सापडलं बघ. … तेच, तुझं हवा मोजायचं मीटर. म्होरच्या खणात हुतं, प्याकिंग बी फोडलं न्हाय. … व्हय, म्याच म्हणलो हुतो खेळणं. … सांग आता कसं लावायचं. माझा अंगठा हाय की, पर म्या म्हणलं आज अंगठ्याचं ऐकायचं न्हाय. … टोपण काढलं. … उभं धरायचं? … दाबलं. फुस्स झालं गं. … तिरकं झालं? बरं, परत. … आत्ता न्हाय झालं. काटा… चाळीस आन् तीन. त्रेचाळीस.

… न्हाय, गाडी कुठं फिरवली न्हाय. दुरुस्त होऊन आली ती चार महिनं हितंच उभी. … थंडच हाय चाक, ऊन आलं न्हाय अजून आत. … म्हंजी चार महिनं गळून गळून त्रेचाळीस. … मग त्या दिवशी…

हिशेब काही अवघड नव्हता. दत्तोबांनी तो मीटरकडे बघत स्वतःच केला: त्या दिवशी पन्नासच्या वर. त्या दिवशी म्हणजे जानेवारीतला सोमवार. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग, रस्त्यावर पाचट सांडलेलं. पुढची बैलगाडी एकदम थांबली. राजनंदिनीनं ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी घसरत जाऊन मोरीच्या कठड्याला भिडली. बैल वाचले, गाडीवान वाचला, दिग्विजयला खरचटलं तेवढंच. सुनेचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनगट पुरतं वळत नाही. भाकरी थापता येत नाही.

दवाखान्यात तू म्हणत हुतीस. ब्रेक पुरा दाबला, तात्या, पुरा दाबला. … मला आठवतंय गं. … आन् म्या काय म्हणलो तेबी आठवतंय. ऱ्हाऊ दे ते.

सोडतोय. … आतली पिन दाबायची, व्हय, ती येती मला. … अडतीस. … अजून जरा. … चौतीस. … एक जास्त ऱ्हायली तर? … न्हाय, ऱ्हाऊ द्यायची न्हाय. तेहतीस म्हंजी तेहतीस. … झालं एक.

दुसऱ्या चाकाशी सरकताना त्यांनी फोन खांद्यात आणि कानात दाबला. गुडघे वाजले. आता बोलणं जरा सोपं झालं होतं. हाताला काम असलं की माणसाची जीभ सैल होते.

मला एक कळंना, सूनबाई. शनिवारी तू यायचीस तवा म्या चाक दाबून बघायचो, तर मऊ. सोमवारी कडक करून दिलेलं, शनिवारी मऊ. म्या सोनबाला म्हणायचो, बारीक पंक्चर हाय लेका, तुला घावंना. तो बापडा चारी चाकं पाण्यात बुडवून बघायचा, बुडबुडा न्हाय. मग म्या म्हणायचो, गळतीच हाय तर पाच जास्तच मार. … काय? … कोण सोडायचं? … तू?

… कालव्याच्या पुलावर?

… केसातल्या आकड्यानं?

… दर सोमवारी. … आधी वरीसभर तशीच कडक चालवलीस, मग सोडायला लागलीस. … आन् दिग्या? त्याला ठावं हुतं? … झोपलेला असायचा. बरुबर हाय, तो झोपायलाच जन्मला. … मग बारामतीत पंपावर नीट तेहतीस करून घ्यायचीस. आन् शनिवारी परत माझ्याम्होरं. … आगं, मग मला सांगायचं न्हवं का. म्या काय वाघ हाय?

पलीकडून काहीतरी फार हळू आवाजात आलं असावं. दत्तोबांनी फोन कानावर घट्ट धरला.

… सांगितलं हुतंस. … व्हय. … दोनदा सांगितलं हुतंस. एकदा न्याहारी करताना, एकदा ती आबाजीची माणसं बसली हुती तवा. म्हणलीस, तात्या, गाडी उड्या मारती. … आन् म्या म्हणलो, गाडी न्हाय मारत, चालवणारी मारती. … त्येच शबूद, व्हय. … मग तू तिसऱ्यांदा न्हाय सांगितलंस. … माझा मान ऱ्हावा म्हणून. चार माणसांत सासऱ्याला खोटं पाडायला नको म्हणून पुलावर थांबून आकड्यानं हवा सोडत बसलीस.

म्या भरायची, तू सोडायची. म्या म्हणायचं गळती, आन् पाच जास्त.

टाळ धरून दत्तोबांची चाळीस वर्षं गेली. सप्ताह कुठल्याही गावचा असो, पहिल्या रांगेत त्यांची जागा ठरलेली. बुवा अहंकारावर बोलायला लागले की ते डोळे मिटून मान डोलवायचे, आणि मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना शेजारचा आबाजी दिसायचा. कसं अगदी आबाजीलाच लागू पडतंय बघा, असं वाटून त्यांना गहिवरून यायचं. इतक्या वर्षांत एकदाही तिथं दुसरं कुणी दिसलं नव्हतं.

हॅलो?… हाय, हाय मी. दुसरं चाक करत हुतो. … तेबी झालं. … एक सांग. त्या सोमवारी पुलावर थांबली न्हाईस? … का? … उशीर झाल्ता. … लॅबमधनं बोलावणं आलतं लवकर. … आन् गाडी सोनबाकडं अडकलीती. … म्हंजी म्याच अडकवलीती. तो म्हणत हुता, तात्या, बास की आता. म्या म्हणलं, अजून मार.

… न्हाय, सूनबाई, तू नको समजूत काढू. तू समजूत काढायला लागलीस की मला जास्त… थांब जरा.

त्यांनी फोन बॉनेटवर ठेवला, टॉवेलानं तोंड पुसलं, खाकरले. फोन परत उचलला.

घाम गं. पत्र्याखाली तापतंय आता. … तिसऱ्याला गेलो. हितं एक्केचाळीस. … सोडली. … तेहतीस. … चौथं बी तेवढंच हुतं, सोडली. … आन् स्टेपनीचं? तिला बी तेहतीस? … ती कोण बघतंय म्हणा, पर गरजंला तीच लागती. बघतो.

झालं. चारी चाकांना तेहतीस, स्टेपनी धरून पाचांना. … व्हय, आता ती पोर चालवील. तिला नको काय व्हायला.

काम संपलं होतं. फोन ठेवायला हरकत नव्हती. पण दत्तोबा डिकीच्या काठावर टेकले, आणि पायातल्या चपलेकडे बघत बोलले.

सूनबाई, सप्त्याच्या पंगतीत म्या एक बोललो हुतो. … तुला कुणी सांगितलं का न्हाय, म्हाईत न्हाय. बापयांची पंगत हुती, तुमी बायका आत हुत्या. … म्हंजी ऐकलंस तू. … कुठं हुतीस? … कनातीच्या मागं. हात गळ्यात बांधलेला आन् डाव्या हातानं द्रोण लावत हुतीस. … काय म्हणलो हुतो, सांग. … न्हाय, तू सांग. … बरं, म्या सांगतो. म्हणलो, आमची सूनबाई पाय ब्रेकवर ठेवत न्हाय, पायपुसण्यावर ठेवती. … लई हसली माणसं. आबाजीला तर ठसका लागला. आन् मला गोड वाटलं.

… दुसऱ्या दिवशी किल्ली देवाम्होरं ठिवलीस आन् गेलीस. म्या म्हणलं, बरं झालं, अक्कल आली. तवापासनं शनिवार येतो आन् जातो. तुझी सासू भाकरी चारच थापती आता, पर परातीत पीठ सहा भाकरीचं घेती आन् मग परत डब्यात टाकती. म्या बघतो. बोलत न्हाय.

आगं, आज सकाळी बी… आज सकाळी बी म्या त्येच केलं. भानुदासरावांनी इचारलं, म्होरचा पत्रा नवा दिसतोय, गाडी कुठं लागली हुती का? म्या म्हणलो, सुनेनं ठोकली. बायकांचा हात. … व्हय. टायर बघायच्या आधी. … हसलं न्हायत ते. नुसतं माझ्याकडं बघितलं, आन् मग खाली वाकून टायरावर हात फिरवला.

… गाडी देऊ नको म्हणतीस का? तू म्हण, म्या आत्ता माघारी लावतो त्यांना. चूक माझी, शब्द माझा मोडतो. किल्ली तुझी तुला आणून देतो जळोचीला, एसटीनं येतो. … ऐक तर. … तू चालवत हुतीस ते बरं चालवत हुतीस गं. मला दिसत हुतं.

… न्हाय? … भ्या वाटतं. … मोरी दिसली की हात कापतो. एसटीत खिडकीला बसलं तरी? … हां. … हां.

… बरं. ज्याच्या हातात शोभंल त्याच्याकडं जाऊ दे म्हणतीस. … मग देतो त्या पोरीला.

दत्तोबांना वाटलं होतं, चूक कबूल केली की ती फिटते. बुवा तसंच सांगतात. पण बुवा देवाबद्दल सांगत असतात. सुनेचा हात पुन्हा स्टेअरिंगवर यायचा की नाही, हे त्यांच्या कबुलीच्या हातात उरलं नव्हतं.

… काय म्हणलीस? … सांगायचं? कुणाला? … भानुदासरावांना. … तेवढं एक करा म्हणतीस. … व्हय. ते हायच. ते करायलाच पायजे. … पंगतीतल्यांना बी सांगीन, आबाजीपासनं सुरवात करतो. … न्हाय, कबूल हाय की. आले वाटतं ते. फटफटीचा आवाज येतोय. … तू फोन ठिऊ नको. म्या खिशात ठिवतो, चालू ऱ्हाऊ दे. तुझ्या कानानं ऐक.

त्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात सरकवला आणि बाहेर आले. भानुदासराव फटफटी उभी करत होते. मागून उतरलेली त्यांची लेक सरळ गाडीकडे गेली, दार उघडून चालकाच्या जागेवर बसली, दार लावून घेतलं, आणि आरसा हलवून बघू लागली.

या, या. जय भीम. … च्या घेऊ की, मग घेऊ. भानुदासराव, जरा हिकडं या. … न्हाय, गाडीचं न्हाय. म्हंजी गाडीचंच. … सकाळी म्या तुमाला म्हणलो, सुनेनं ठोकली. … ते खोटं. हवा म्या भरलीती. पन्नास, त्याच्या बी वर. ती नको म्हणत हुती तरी भरलीती. चाक रस्त्याला धरंना म्हणून गाडी घसरत गेली. पोरीनं ब्रेक पुरा दाबला हुता. … असू द्या कसं? असू द्या म्हणू नका. चार महिनं म्या तिला गावात हसं केली. … हां. एवढंच हुतं. आता चारी चाकं तुमच्या चिट्टीपरमानं हायत, मोजून घ्या.

बोलून झाल्यावर दत्तोबांनी खिशातून फोन काढला आणि कानाला लावला.

हॅलो? ऐकलंस?… हॅलो?… सूनबाई?

फोनची काच काळी पडली होती. लाईन कधी गेली, ‘जय भीम’ला गेली की ‘खोटं’ला गेली, की तिनंच ठेवला, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी परत लावायला बोट पुढं केलं, आणि ते तसेच थांबले. भानुदासराव त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. गाडीत त्यांची लेक सीट पुढं ओढून घेत होती. काचा वर, तिच्या कानावर यातलं काहीच गेलं नव्हतं.

दत्तोबांनी फोन खिशात टाकला. ते गाडीपाशी गेले आणि बोटाच्या पेरानं काचेवर टकटक केलं. काच खाली आली.

पोरी, तुझ्या आधी ही गाडी माझी सून चालवत हुती. राजनंदिनी नाव तिचं. तुला कुणी सांगंल, तिनं ठोकली. तिनं न्हाय ठोकली. हवा म्या चुकीची भरलीती, आन् नाव तिचं घेतलं. … व्हय. … ती चांगली चालवत हुती.